लाल टोपीचं पोरगं

"तोंड उघडा."

वर्ध्यातल्या आमच्या छोट्याशा संग्रहालयात येणाऱ्या माणसाचं स्वागत या दोन शब्दांनी व्हायचं. नमस्कार नाही, या-बसा नाही, चपला कुठे काढायच्या तेही नाही. आधी तोंड. आमचे अभिरक्षक, म्हणजे ज्यांना गावभर क्युरेटर साहेब म्हणत आणि मी नुसतं सर म्हणायची, ते दारातल्या स्टुलावर बसलेले असायचे. मान वाकडी करून समोरच्याच्या जबड्यात पार आतपर्यंत पाहायचे. काही सापडलं की अंगणातल्या निंबाखालच्या नळाकडे बोट. "तिथं खळखळून चूळ भरा, मग या." चॉकलेट असो की बडीशेप, सुटका नाही.

आता हे असलं दुसऱ्या कुठल्या गावात चाललंही असतं. पण आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी खर्ऱ्याची पुडी निघते. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला तो लालसर माल गालात धरून माणूस बँकेत जातो, कचेरीत जातो, सोयरीक जुळवायलाही जातो. अशा मुलखात सर दारात बसून खर्रा थुंकायला लावायचे. अर्धं गाव त्यांच्यावर चिडलेलं होतं आणि उरलेलं अर्धं संग्रहालयात यायचंच नाही.

एकदा एक बडे अधिकारी आले. मागेपुढे गाड्या, बरोबर चार माणसं फायली सांभाळत. सरांनी त्यांनाही तेच सांगितलं. बरोबरच्या एकाचा चेहरा असा उतरला, मला वाटलं आता हा इथेच आडवा होतो. साहेब मात्र हसले आणि त्यांनी सरळ तोंड उघडलं. आत विलायची होती. सरांनी ती काढायला लावली. साहेब निंबाखाली जाऊन निमूट चूळ भरून आले आणि जाताना म्हणाले, "माझी आजी असंच करायची हो." आमची कमिटी त्यानंतर आठवडाभर सरांशी बोलत नव्हती. सरांना काही फरक पडला नाही, कारण कमिटीशी बोलायला त्यांनाही आवडत नसे.

मी तिथे कारकून म्हणून लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मलाही हुकूम झाला. मी हिंगणघाटची, ऐकून घ्यायची सवय नाही. म्हटलं, "सर, माझ्या तोंडात फक्त जीभ आहे."

"तेच तर जास्त खतरनाक असते," सर म्हणाले. "उघडा."

उघडलं बाप्पा. नोकरी नवीन होती.

हे सगळं ज्याच्यासाठी चालायचं ते एक चित्र होतं. आमच्या संग्रहालयात तसं काय काय होतं, शेतात नांगरताना सापडलेल्या मूर्ती, जुनी नाणी, पितळेची भांडी, एक मोडका छकडा. पण सरांचा जीव आतल्या खोलीतल्या त्या एका चित्रात. जलरंगातलं, दोन हात पसरले तर मावेल एवढं. सर्कस गावात आल्याची सकाळ. रेल्वेच्या रुळाजवळचं मैदान, तंबू अजून पुरता उभा झालेला नाही, एका बाजूने फुगलेला, दुसऱ्या बाजूने जमिनीवर लोळतोय. पलीकडे कापसाच्या गाड्या थांबलेल्या, गाडीवान उभे राहून बघतायत. एक बाई भर उन्हात दोरीवर चालायचा सराव करतेय, साध्या लुगड्यात, कासोटा खोचून. डाव्या कोपऱ्यात हत्ती. उजवीकडे गर्दी. आभाळाला धुळीचा रंग. काढणारा इथल्याच कुठल्यातरी शाळेतला ड्रॉइंग मास्तर होता म्हणतात, नाव कोणाला ठाऊक नाही. पण बाप माणूस असला पाहिजे. खेळ काढायचा सोडून त्याने खेळाच्या आधीची सकाळ काढली, यातच त्याची अक्कल दिसते.

या चित्रासमोर सर कधी रुमालाशिवाय उभे राहिले नाहीत. दोन्ही हातांनी रुमाल तोंडावर धरून ते लोकांना माहिती सांगायचे. चित्राला काच होती, तरीही रुमाल. आतून शब्द असे फुसफुस बाहेर यायचे की अर्ध्या लोकांना वाटायचं, साहेबांना खोकल्याचा काही मोठा आजार आहे. शाळेची पोरं लांब उभी राहायची. "पाण्याचा रंग आहे हा," सर रुमालातून म्हणायचे, "जोरात बोललं तरी घाबरते." चित्रावर हिरवा पडदा, तो सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ उघडायचा. भर दुपारी नागपूरहून कोणी आला तर त्याने संध्याकाळपर्यंत अंगणात बसावं.

आणि कूलरचं भांडण! वर्ध्याचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. घरोघरी कूलर, कूलरमध्ये पाणी भरण्यावरून घरोघरी तंटे. आमच्या इमारतीत मात्र कूलर आत आणायला बंदी. ओली हवा कागदाला लागते म्हणे. मी एका दुपारी टाइप करता करता घामाने अशी भिजले की उठून थेट गेले त्यांच्यापुढे. म्हटलं, "सर, चित्र वाचेल, पण मी मरीन."

"तुमच्याजागी दुसऱ्या येतील ताई," सर शांतपणे म्हणाले. "हे दुसरं नाई येणार."

मी तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी पाहते तर माझी टेबल-खुर्ची मागच्या व्हरांड्यात, समोर नवाकोरा कूलर, आणि मध्ये दोन बंद दारं. कूलर त्यांच्या घरचा होता हे मला शिपायाने सांगितलं. त्यांनी स्वतः तो उन्हाळा घरी कसा काढला असेल, देव जाणे. असा माणूस. राग धरावा तरी पंचाईत.

या चित्रात एक पोरगं होतं. उजवीकडच्या गर्दीत एक धोतरवाला माणूस उभा, आणि त्याच्या खांद्यावर लाल टोपी घातलेलं पोरगं. पोरगं म्हणजे काय, नखाएवढा लालसर ठिपका, खाली जरा ओघळलेला, पण एकदा कोणी दाखवला की पोरगंच दिसायचं. आणि दाखवायला खाली चौकटीवर पितळी पट्टी ठोकलेली होती. खांद्यावर बसलेलं बालक म्हणजे आपल्या संग्रहालयाचे अभिरक्षक, असा मजकूर. सर लहान असताना वर्ध्याला सर्कस आली होती, वडिलांनी खांद्यावर बसवून दाखवली होती, आणि मास्तरच्या चित्रात ते दोघं येऊन गेले. आमच्या कमिटीच्या जुन्या सचिवांना ही गोष्ट फार आवडायची. त्यांनी ती पेपरात छापून आणली, पट्टी त्यांनीच ठोकून घेतली, आणि पाहुणा कोणीही असो, त्याला हाताला धरून त्या ठिपक्यासमोर उभं करायचे. सचिव वारले, पट्टी राहिली. पोरं विचारायची, "सर, हे तुम्ही?" सर रुमालातून "हूं" म्हणायचे आणि पुढच्या खोलीत निघून जायचे. मला वाटायचं, लाजतात.

सरांची आई पवनारला राहायची, सरही तिथेच, रोज एसटीने यायचे-जायचे. आजींचं वय बरंच होतं पण पाठीचा कणा ताठ. सरांचे वडील सर लहान असतानाच तापाने गेले. कुठल्यातरी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, हमाल होते. त्यांचा एकही फोटो नाही. म्हणून दरवर्षी पितृपक्षात नवऱ्याच्या तिथीला आजी एसटीने वर्ध्याला यायच्या, या चित्रापुढे उभ्या राहायच्या. बरोबर द्रोणात वडा, भात, कोहळ्याची भाजी. सर ते आत नेऊ द्यायचे नाहीत. दारातच माय-लेकाचं जुंपायचं.

"बापाले उपाशी ठेवशीन का रे?"

"आई, आत खायचं नेता येत नाई. अन् तोंड उघड."

"लहानपनी मी तुह्यं तोंड पाहो, माती खाल्ली का म्हनून. आता तू माह्यं पाह्य!"

तरी उघडायच्या. द्रोण निंबाखाली कावळ्यासाठी ठेवायचा, अशी शेवटी तडजोड व्हायची. मग सर पडदा बाजूला करायचे, बोटाने दाखवल्यासारखं करायचे आणि झटक्यात बाहेर अंगणात निघून यायचे. आजी आत एकट्याच, पदर डोक्यावरून घेऊन. बऱ्याच वेळाने बाहेर यायच्या, डोळे पुसलेले. मला दरवर्षी वाटायचं, या माणसाला आईजवळ दोन मिनिटं उभं राहायला काय होतं? एकदा तोंडावर बोललेही. सर कावळ्याचा द्रोण सरळ करायला गेले.

तर सर रिटायर व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नव्या कमिटीने ठरवलं की या चित्राची नीट दुरुस्ती करून घ्यायची. कागदावरच्या चित्रांवर उपचार करणाऱ्या एक तरुण बाई पुण्याहून येणार. ही बातमी मी सरांना मोठ्या उत्साहाने दिली. म्हटलं आता उड्या मारतील. ते खुर्चीत बसलेले होते, तसेच बसून राहिले. चेहरा एकदम पांढरा. मग विचारलं, "डागबी काढतात का त्या?"

"सगळंच काढत असतील," मी म्हटलं. "आपल्या चित्राला कुठे डाग आहे पण?"

त्या बाई आल्या भाद्रपदात. टेबलावर पांढरा कागद अंथरला, चित्र चौकटीतून बाहेर काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि इंच इंच पाहत सुटल्या. सर भिंतीला टेकून उभे, रुमाल तोंडावर. मी आणि शिपाई दारात. हत्ती झाला, दोरीवरची बाई झाली, गर्दीवर आल्या आणि थांबल्या.

"हा डाग कशाचा आहे?"

मला असा राग आला! "डाग काय म्हणता म्याडम? ते आमचे सर आहेत!"

बाईंनी भिंग खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला ठेवलेल्या चौकटीवरच्या पट्टीकडे, मग सरांकडे. फार सभ्य होत्या. म्हणाल्या, "हा रंग नाही हो. वरून पडलंय काहीतरी आणि कागदात मुरलंय. गंज असू शकतो, चहा असू शकतो. कशाचा आहे ते कळलं नाही तर मी चुकीचं औषध लावीन आणि तेवढा कागद विरेल. कोणाला काही माहिती आहे का?"

सरांनी रुमाल खाली घेतला. इतक्या वर्षांत त्या चित्रासमोर त्यांचं उघडं तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं.

"खर्रा आहे," ते म्हणाले. "माह्या तोंडातला."

शिपाई म्हणाला, "आँ?"

मग सगळं बाहेर आलं, अगदी सरळ, जसं पाहुण्यांना माहिती सांगायचे तसं. तरुण होते तेव्हा सरही खर्रा खायचे, दिवसभर. पावसाळा संपला की चौकटी उघडून चित्रं सावलीत वाळवायची ही आमची जुनी पद्धत. तसं हे चित्रही टेबलावर काढलेलं. तेव्हाचा शिपाई पाण्याची बादली घेऊन जवळून निघाला, आणि सर जिवाच्या आकांताने ओरडले, "सांभाळून!" बादलीतला थेंबही सांडला नाही. सरांच्या भरल्या तोंडातून मात्र उडालं. ते टिपतायत न टिपतायत तोच मागून सचिव आले, वाकले आणि म्हणाले, "अरे वा! हे खांद्यावरचं पोरगं मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं!"

"माह्या तोंडून निघून गेलं, 'साहेब, मीच हो तो, बाबाच्या खांद्यावर.' नोकरीची भीती होती. वाटलं आजचा दिवस निभावला की उद्या सांगून टाकू. उद्या पेपरात आलं. परवा आई आली पवनारहून, नवं लुगडं नेसून. कसं सांगू?"

खर्रा त्यांनी त्याच दिवशी सोडला होता. रुमाल त्याच दिवसापासूनचा.

त्या पुण्याच्या बाई हसतील, चिडतील, कमिटीला कळवतील, असं मला वाटत होतं. त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंत. सुपारी आणि चुना आहे म्हणजे आता मला रस्ता कळला. गंज समजून औषध लावलं असतं तर इथे भोक पडलं असतं. निघेल बराचसा. काढू ना?"

सर "उद्या सांगतो," म्हणून बाहेर गेले.

मी मागोमाग निंबाखाली गेले. मला राहवत नाही. म्हटलं, "सर, यात विचार कसला? काढून टाका घाण."

"पुढच्या आठवड्यात बाबाची तिथ आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजींचं नुकतंच सावंगीच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवा चष्मा आला होता. औंदा मले स्वच्छ दिसतीन ते, असं गल्लीभर सांगत फिरत होत्या.

"त्या गर्दीत धोतरवाले पन्नास आहेत, ताई," सर म्हणाले. "पोरगं आहे म्हणून तो बाप. पोरगं पुसलं की बापबी पुसला. आईजवळ तेवढंच आहे त्याचं. अन् तिले काय सांगू? की इतके वर्ष तू ज्याच्यापुढं पदर घेऊन रडली, ती माह्यी थुंकी होती?"

मला खरंच वाईट वाटलं, सरांसाठी आणि त्या आजींसाठीही. ठेवला असता तो डाग तर कोणाचं काय बिघडलं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने सर आले. रात्रभर झोपले नसावेत. बाईंना म्हणाले, "काढा. त्या मास्तरनं सकाळ काढली होती, मी तिच्यावर घाण केली. मी इथून निघायच्या आत ते साफ झालं पाहिजे. आईचं मी पाहतो."

मग काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून बाई काम करत बसल्या. एक काडी, दुसरी काडी, कापसाला विटकरी रंग येत गेला. सर काही आत थांबेनात. व्हरांड्यात येरझारा, आणि दर थोड्या वेळाने खिडकीतून मला, "गेला का?"

"जातोय सर."

"हात हळू आहे ना त्याह्यचा?"

"तुमच्यापेक्षा हळू आहे."

संध्याकाळी बाईंनी हाक मारली. सर आत गेले, वाकून पाहिलं. धोतरवाल्याचा खांदा मोकळा, वर नुसती धुळीच्या रंगाची जागा, माहीत असलेल्यालाच दिसेल एवढी पिवळट छटा. सर पाहत राहिले, पाहत राहिले आणि मग जमिनीवरच बसले. "किती मोकळं वाटून राह्यलं तिथं," म्हणाले. पितळी पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने उचकटली. कमिटीकडे जाऊन सगळं कबूल केलं. तिथे भूकंप होईल म्हणून मी तयारीत होते. नवे सचिव म्हणाले, "डाग निघाला ना? झालं तर मग," आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. सर परत आले ते इतके हलके होऊन की शिपायाला चहा सांगितला, आणि त्यांनी कोणाला चहा पाजल्याचं मला तरी आठवत नाही.

पण आई राहिली होती. तिला अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी मी विचारायची, "बोललात?" रोज मान हलायची, नाही. घरी सांगणार होते, जमलं नाही. मग एसटीत सांगणार होते.

तिथीच्या दिवशी एसटीतून उतरून ऑटोने दोघं आले तेव्हा सरांच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं की एसटीतही जमलेलं नाही. आजी मात्र खुशीत. नवा चष्मा, हातात द्रोणांची पिशवी. दारातलं भांडणही सरांनी केलं नाही. आजींनी आपणहून तोंड उघडून दाखवलं तर त्यांनी पाहिलंही नाही. आजी मला म्हणाल्या, "याले काय झालं वो? बिमार आहे का?"

मी काय सांगणार? मी त्यांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेले. मला तिथे काही काम नव्हतं, हे कबूल करते, पण मला व्हरांड्यात बसवेना.

सरांनी पडदा बाजूला केला आणि बाहेर निघून जायच्या ऐवजी चित्राच्या पुढेच आडवे उभे राहिले.

"आई, थांब. तुले एक सांगाचं आहे. ते पोरगं आता नाई त्याच्यात."

"कोन्तं पोरगं?"

"लाल टोपीचं. बाबाच्या खांद्यावरचं." सरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी."

"तू?" आजींनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि लेकाकडे पाहिलं. "तू कुठी होता त्याच्यात?"

आजीच बोलत राहिल्या.

"तू तं घरी होता. गोवर निंगाला होता तुले, अंगभर. मी तुले निंबाच्या पाल्यावर निजवलं होतं अन् दाराले लुगडं बांधलं होतं. सर्कस आली तशी गेली. तू नाई पाह्यली अन् मीबी नाई पाह्यली."

"मंग बाबा?" सर म्हणाले. "तू रडे ना पाहून. दरवर्षी."

"हे काय बाबा, हे!" आजींनी त्यांच्या कोपराखालून हात घालून डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं. गर्दीच्या पार दुसऱ्या टोकाला. हत्तीजवळ एक माणूस पाठमोरा उभा, हातात बादली, एका पायावर भार देऊन दुसऱ्या पायाने पोटरी खाजवतोय. त्या माणसाकडे आम्ही कोणी कधी लक्ष दिलं नव्हतं. "हत्तीले पानी पाजून राह्यले. जिनातून सुटले का तिकडेच जाय, फुकट. अन् घरी दोन घागरी आना म्हनलं तं कंबर दुखे त्याह्यची! उभे कसे आहेत पाह्य. तीच खोड. अंगनात हात धुवाले गेले तरी तसेच एका पायावर. मी तं पह्यल्या दिवसापासून याह्यलेच पाह्यतो."

तो माणूस खरंच सरांचा बाप होता की नाही, कोण सांगणार? चेहरा तर दिसतच नाही. पण आजींच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की हसू आणि रडू बरोबरच आलं आणि मी पदर तोंडात कोंबला. सर भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

"तुले माहीत होतं मी त्याच्यात नाई," ते म्हणाले. "मंग इतके वर्ष बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? तू इतका मन लावून सांगे. पेपरात आलं, गावानं वाचलं. मी म्हनलं, बाप गेला तवा हे एवढंसं होतं. त्याले वाटून राह्यलं आपन खांद्यावर बसलो होतो, तं वाटू दे. बसलाबी असशीन कधी. तुलेबी आठवत नाई अन् मलेबी नाई."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आजींचं लक्ष केव्हाच त्यांच्यावरून निघून गेलं होतं. त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि मान वाकडी करून लेकाच्या पलीकडे पाहायला लागल्या.

"सरक थोडासा," त्या म्हणाल्या. "तुह्यामुळं मले ते दिसून नाई राह्यले."

सर बाजूला झाले.